राईतली काठी आणि अकरा मिनिटं

शिरवळची कंपनी सोडून जेमतेम नऊ दिवस झाले होते. घरी, कराडला लागून असलेल्या मलकापुरात बसून मी नुसता आत-बाहेर करत होतो, तेवढ्यात रुपालीचा फोन आला. रुपाली म्हणजे माझी मामेबहीण, आटपाडीची. पाटणच्या डोंगरात जंगलातून चालायची स्पर्धा आहे, टीमला चौघं लागतात आणि दोन माणसं कमी पडतायत, असं म्हणाली. वर म्हणाली, "तुजं पाय कुटं टिकत न्हाईतच, तर चालायला तरी ये."

गंमत म्हणून जायचं नव्हतं, हे नंतर कळलं. तिला वनरक्षक व्हायचंय. त्या भरतीत मुलींना चार तासांत सोळा किलोमीटर चालावं लागतं आणि गेल्या वेळी ती चार मिनिटांनी हुकली. मामा फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांनी अट घातली होती: डोंगरातलं हे अंतर वेळेत झालं तर कराडच्या अकॅडमीत अजून एक वर्ष, नाहीतर पुस्तकं बांधून घरी. आणि बघायला म्हणून ते स्वतःच टीममध्ये शिरले होते. चौथा माझा शिरवळचा दोस्त विन्या. तो गाणी वाजवायचा डबा घेऊन आला, मामांनी तो पहिल्याच मिनिटाला बंद करून स्वतःच्या पिशवीत टाकला.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. कराडहून पाटणला एसटी भरपूर, तासाभराचा रस्ता. पुढं वडापची जीप, ती भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून दुपारीच निघा. मुक्काम गावातल्या शाळेत, सतरंजी मिळते, पांघरूण आपलं न्या, डिसेंबरात तिथं दात वाजतात. जेवण स्पर्धेच्या फीमध्येच. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं होतं, मी चार भाकरी हाणल्या आणि रात्रभर कुशी बदलत राहिलो. मला नवीन जागी झोप येत नाही. जुन्या जागीही येत नाही म्हणा.

सकाळी सहाच्या आत सगळ्यांना शाळेच्या पटांगणात बसवून नियम सांगितले. चोवीस किलोमीटर, सात तास, म्हणजे एकच्या ठोक्याला परत. वाटेत तीन चौक्या. चौघं एकत्र उभे राहिले तरच कार्डावर शिक्का, आणि शेवटचा माणूस पोचेल तीच टीमची वेळ. एवढं ऐकलं आणि मला कुंपणापलीकडं गव्याच्या खुरांचे ठसे दिसले. ताजे, ओल्या मातीत रुतलेले, माझ्या पंजाएवढे. ते बघून परत येईपर्यंत नियम संपले होते.

पहिले दोन टप्पे झकास गेले. दवानं मोजे भिजले (जादा जोडी न्याच), कारवीतून वाट काढताना तोंडावर जाळी चिकटली, पण रुपालीची चाल बघण्यासारखी होती. पळत नाही, थांबत नाही. मामा मागनं दर वळणावर माणसं मोजायचे. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला हाक. चौथा कायम मीच. कुठं हिरड्याची फळं वेच, कुठं पाणी कुठनं येतंय ते बघ. दुसऱ्या चौकीवर आम्ही वेळेच्या वीस मिनिटं पुढं होतो. मामांनी मिशीवरनं हात फिरवला.

मग देवराई आली. तिथं सगळ्यांनी बूट काढून हातात घेतले, मीही काढले. आत उन्हाचा कवडसाही नाही, पायाखाली पानांची गार गादी, आणि मनगटापेक्षा जाड वेली एका झाडावरनं दुसऱ्यावर गेलेल्या. बाकीचे पुढं गेले. मी एका वेलीच्या मुळाशी रेंगाळलो आणि तिथंच ती काठी दिसली. वाळकी, सरळ, गुळगुळीत, वर मुठीसारखी गाठ. घेतली.

राईबाहेर उताराला मामांचा पाय मुरगळला. बसले, उठले, दोन पावलं टाकून परत बसले. मी काठी पुढं केली. मामांनी ती तोलून बघितली आणि म्हणाले, "जल्मात पयल्यांदा कामाचं कायतरी उचललंस, भाच्या." दीड किलोमीटर ते त्याच काठीवर आले.

तिसऱ्या चौकीवर वरच्या वाडीची एक मावशी ताक वाटत होती. मामांना गिलास देताना तिनं विचारलं, काठी छान आहे, कुठनं आणली? मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं, राईत घावली म्हणून.

तिचा हात तांब्यावरच थांबला. रुपालीनं माझ्याकडं बघितलं. "सकाळी सांगितलं न्हवं, राईतलं कायबी भाईर आणायचं न्हाई? कुटं व्हतास तू?"

मावशी चिडली नाही, त्यानंच जास्त लागलं. तिथलं वाळकं पानसुद्धा आमच्या चुलीत जात नाही, म्हणाली. मी म्हटलं, मावशी, इथंच ठेवतो, तुम्ही जाताना नेऊन टाका. तर ती म्हणाली, "तसं चालत न्हाई, बाबा. ज्याच्या हातानं आली त्यानं, न्हाईतर त्याच्या घरच्यानं नेऊन ठेवायची. तुमाला कोन आडवनार हाय म्हना. जावा तुमी."

अकराला दहा मिनिटं कमी होती. तसंच पुढं निघालो असतो तर वेळेत पोचत होतो. विन्या हळूच म्हणाला, ठेव झाडाला टेकवून आणि चल. मी म्हटलं, मी जातो, माझी चूक आहे. मामांनी हात आडवा धरला. "तू गेलास तर अजून चार राया बघून येशील."

मग ते रुपालीकडं बघत राहिले. जा म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. तिनं त्यांच्या हातातनं काठी काढून घेतली, बुटाच्या नाड्या आवळल्या आणि आलो त्या चढाला लागली. विन्यानं घड्याळ लावलं. मी नखं खात उभा. छत्तीस मिनिटांनी ती आली. चेहरा लाल, कोपरावर खरचटलेलं. ताकसुद्धा न पिता म्हणाली, "चला."

पुढचे आठ किलोमीटर मी कुठंही वळून बघितलं नाही. मामांचा एक हात विन्याच्या खांद्यावर, एक माझ्या. डावीकडं कुठला तरी धबधबा होता म्हणे, मला आठवत नाही. शाळेच्या पटांगणात चौघं एकत्र शिरलो तेव्हा एक वाजून अकरा मिनिटं झाली होती. कार्डावर "सहभागी" असा शिक्का बसला.

परतीच्या वडापमध्ये मामा एकदाच बोलले. "अकरा मिन्टं." रुपाली खिडकीबाहेर बघत होती. कराडच्या स्टँडवर दोघं आटपाडीला जायला विट्याच्या एसटीत बसले, आणि मला नीट हात हलवायलाही जमलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. वाट कठीण नाही, उताराला मात्र घोट्याचा पट्टा लावा. आणि सकाळी नियम सांगताना जाग्यावर बसा.

घरी येऊन चार दिवस टाचेचे फोड बघत बसलो. विन्यानं गोव्याची टूम काढली होती, सोमवारी निघायचं, मी पिशवी भरूनही ठेवली. शुक्रवारी मामांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"ती राई त्या ताकवाल्या बाईपासनं किती लांब व्हती रं?"

दीड किलोमीटर, मी सांगितलं.

"जाऊन येऊन तीन. म्हंजी पोरगी सत्तावीस चालली. त्यातलं तीन एकलीच." मग त्यांनी विचारलं, ती अकॅडमी तुमच्या मलकापुरातनं कितीशी लांब? मी म्हटलं, मामा, चालत वीस मिनिटं.

"सोमवारी तिला घिऊन येतो. पाय आजून दुकतोय, वाट दावायला कोनतरी पायजे. तू घरी असशील न्हवं?"

भरलेली पिशवी समोरच होती. मी म्हटलं, असतो.