कोटेशनराव ब्रॉडबँड घेतात

कोटेशनरावांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उरलं नव्हतं. टाचण्यांची डबी घ्यायची असली तरी तीन ठिकाणचे दर मागवायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि मगच सही ठोकायची, हा त्यांचा नोकरीभरचा शिरस्ता. कॉमर्सच्या पदवीने त्यांना जे काही दिलं, ते या तक्त्याच्या रूपाने. घरातला पंखाही तक्त्यातून पास होऊनच छताला लागला होता. लग्नाच्या वेळी मात्र त्यांनी पहिल्याच स्थळाला मान डोलावली. तेवढं एकच काम तक्त्याशिवाय केलं आणि तेवढंच निभावलं, असं ते स्वतःच चारचौघांत सांगत.

निवृत्ती उंबरठ्यावर आलेली असताना कंपनीने त्यांना परदेशी धाडलं. तिथल्या नव्या शाखेचा हिशेब विभाग मार्गी लावायचा, मग खुशाल घरी बसायचं. प्रश्न होता तो बायकोचा. तिचा शिवणाचा वर्ग होता. पुढच्या खोलीत बाया जमायच्या, कात्र्या चालायच्या, चहा उकळायचा. नोकरी नसलेल्या माणसाला जे जे लागतं, म्हणजे स्वतःची कमाई, स्वतःची माणसं आणि रोज केस विंचरायला काहीतरी कारण, ते सगळं त्या खोलीत होतं.

"येते मी," ती म्हणाली होती. "पण वर्ग मोडणार नाही. तिथून कॅमेऱ्यावर शिकवीन. बाया थांबायला तयार आहेत. तेवढं इंटरनेट नीट बघा."

"ते माझ्यावर सोड," कोटेशनराव म्हणाले, आणि इथेच माशी शिंकली.

नवं घर चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघराला लागून एक बोळकांडी आणि उजेडाची एकच मोठी खिडकी. त्या खिडकीखाली बाईंनी पहिल्याच दिवशी कापायचं टेबल मांडलं. टेप, खडू, कात्री, सुयांची उशी. घरात बसायला खुर्ची नव्हती, पण वर्ग तयार होता. नव्हतं ते इंटरनेट. फोनमधल्या नेटवर कशीबशी खुशाली कळायची. "ताई, वर्ग कधी?" असे निरोप रोज येत होते.

कोटेशनरावांनी कामाला हात घातला. तीन कंपन्या निवडल्या आणि तिघांकडे लेखी दर मागितले, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. त्यांतल्या एकीच्या फोनवरच्या पोऱ्याला हे काही झेपेना.

"सर, सगळं वेबसाइटवर आहे. बटण दाबलंत की झालं."

"बटण दाबीन हो. पण सही कोणाची?"

"कोणाचीच नाही, सर."

"मग उद्या मी धरायचं कोणाला?"

पलीकडे बराच वेळ वाट पाहण्याचं संगीत वाजत राहिलं. त्या संगीताची चाल कोटेशनरावांना लवकरच पाठ झाली. दाढी करताना ते ती गुणगुणूही लागले.

शेवटी त्यांनी वेबसाइटवरून माहिती उतरवून घेऊन तक्ता केला. मासिक आकार, वेग, करार किती काळाचा, यंत्र फुकट की भाड्याने, मधेच सोडलं तर दंड काय. बारीक अक्षरातला मजकूर त्यांनी छापून घेऊन भिंग लावून वाचला आणि वाचल्याचा पुरावा म्हणून समासात बरोबरच्या खुणा केल्या. इकडे बाई रोज विचारत होत्या.

"झालं का?"

"घाईत घेतलेली वस्तू डोक्याला ताप होते."

"तुमच्या सावकाशीने माझ्या बाया दुसरीकडे जातील. तिकडे आमच्याच गल्लीत एकीने वर्ग काढलाय, ठाऊक आहे ना?"

अखेर तक्त्यात एक कंपनी उठून दिसली. आकार सगळ्यात कमी, वेग सगळ्यात जास्त. कोटेशनरावांनी विजयी मुद्रेने कागद बायकोपुढे सरकवला.

"हा वेग बघ. अख्खा सिनेमा पापणी लवायच्या आत घरात येईल."

"सिनेमा येऊ दे हो. माझी कात्री तिकडे जाईल का?"

"जे एवढ्या वेगाने येतं ते जाणार नाही होय?" ते हसले. लांब मुदतीच्या कराराला त्यांनी होकार दिला, कारण त्यात सवलत होती. सवलत दिसली की त्यांच्यासारख्या सावध माणसाचाही हात आपोआप पुढे होतो.

कनेक्शन लागलं. बातम्या धडाधड येऊ लागल्या, क्रिकेटचा चेंडू लखलखीत दिसू लागला. कोटेशनराव दोन दिवस अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे घरात वावरले.

मग वर्ग भरला. टॅब्लेटच्या पडद्यावर बायांचे चेहरे उमटले. दातांची डॉक्टरीण होती, बँकेतली कॅशियर होती, बाकीच्याही सगळ्या होत्या. चेहरे इतके स्वच्छ की कॅशियरबाईंच्या पुढ्यातल्या रेशमी कापडाचं पोतसुद्धा दिसत होतं. आपणच वर्ग घेत असल्यासारखे कोटेशनराव दाराशी उभे राहिले.

धडा बाहीचा होता. कापडाची चार पदरी घडी घालायची, खडूने मुंढा, म्हणजे खांद्याकडचा गोलावा, आखायचा, चारही पदर एकदम कापायचे. मग दोन पदर मागे सारून उरलेल्या दोनांना पुढचा खोलगट आकार द्यायचा. सगळी मेख त्या दोन पदरांत. बाईंनी घडी घातली, आखलं, कापलं, दोन पदर मागे घेतले आणि दुसऱ्यांदा कात्री लावली. पण ते दिसलं फक्त कोटेशनरावांना. तिकडे गेला तो त्याच्या आधीचाच क्षण, चार पदरांवर उगारलेली कात्री, आणि तो तिथेच गोठला. आवाजही गेला.

"ताई, तुमची कात्री हवेतच आहे अजून," डॉक्टरीण म्हणाली.

"ताई? हलताय का तुम्ही?"

"अगं, त्या नीट दाखवताहेत, चारही पदर धरलेत बघ. खोलगट कापायचं ना? कापते मी," असं म्हणत कॅशियरबाईंनी कात्री चालवली.

बाई इकडून ओरडत होत्या, "थांबा! थांबा गं!" पण ते पोचलं तेव्हा रेशमाचे चारही पदर खोलगट होऊन बसले होते. चारही बाजू पुढच्या, पाठीला एकही नाही.

पडद्यावर जी शांतता पसरली ती मात्र तिकडून अगदी स्पष्ट ऐकू आली.

"ताई, राग मानू नका," कॅशियरबाई म्हणाल्या, "पण हे असंच होणार असेल तर... गल्लीतला वर्ग निदान समोर तरी असतो."

बाईंनी पडदा बंद केला. रडल्या नाहीत. खडूचे तुकडे गोळा करत एवढंच म्हणाल्या, "उगाच आले मी."

कोटेशनरावांनी कंपनीला फोन लावला. ते पाठ झालेलं संगीत संपल्यावर तो पोऱ्या नम्रपणे म्हणाला, "सर, तुमची योजना घरी मागवून बघणाऱ्यांसाठी आहे. घरून पाठवायचा वेग तिच्यात अगदी थोडा ठेवलेला असतो. ते पानावर लिहिलंय."

लिहिलेलं होतं. ती ओळ कोटेशनरावांनी वाचलीही होती, शेजारी बरोबरची खूणही केली होती. फक्त तक्त्यात तिला रकाना दिला नव्हता. ज्या माणसाने जन्मभर आवक आणि जावक अशा दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, जावक नोंदवली नाही म्हणून कारकुनांना उभं केलं, त्याने घरात मात्र आवकच तेवढी मोजली. खाली एखादा कारकून असता तर त्याच्यावर डाफरून मोकळं होता आलं असतं. इथे साहेब तेच आणि कारकूनही तेच.

"मी तक्रार लिहितो," ते म्हणाले. "आधी पत्र, मग स्मरणपत्र..."

"लिहा," बाई म्हणाल्या. त्यांनी टॅब्लेट काखेत मारला, पायात चपला सरकवल्या आणि दार उघडलं.

"कुठे निघालीस?"

"ज्याचं नेट चांगलं आहे त्याच्याकडे."

"अगं, ओळख ना पाळख!"

"तुम्ही ज्यांच्याकडून घेतलंत ते काय मामा लागत होते तुमचे?"

कोटेशनरावही मागोमाग निघाले. शेजारच्या दारात एक गृहस्थ अर्ध्या गालावर साबण लावून आला. त्याच्याकडेही तीच स्वस्त कंपनी होती. कोटेशनरावांना क्षणभर त्याला मिठी मारावीशी वाटली. वरच्या मजल्यावर एका नर्सने दार उघडलं. नुकतीच कामावरून आली होती, एका पायात बूट, दुसरा हातात. बाईंनी खाणाखुणा, मोडके शब्द आणि हवेत चालवलेली कात्री यांच्या जोरावर सगळं सांगितलं. नर्सला कात्री कळली की चेहरा कळला कोण जाणे, पण तिने जेवायच्या टेबलावरच्या बशा बाजूला केल्या.

"माझी आई मला रोज कॅमेऱ्यावर बघते," ती म्हणाली. "तिला माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा दिसतात. बसा."

बाईंनी तिथूनच सगळ्यांना पुन्हा बोलावलं. कॅशियरबाई येतील याचा भरवसा नव्हता. शेवटी आल्या, पण हाताची घडी घालून.

"ते रेशीम आणा," बाई म्हणाल्या. "फेकलं नाही ना?"

"फेकणार होते."

"आणा. पाठीच्या बाजूने जोड देऊ. शिवण मुंढ्यातच लपेल, तुम्ही आणि मी सोडून कोणाला कळायची नाही. आधी माझा हात दिसतोय का सांगा."

"हात दिसतोय, ताई. पण उलटा. टॅब्लेट वरून धरायला हवा कोणीतरी."

नर्सने कोटेशनरावांकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. कोटेशनरावांनी टॅब्लेट दोन्ही हातांत घेतला आणि टेबलाच्या वर आडवा धरून ते उभे राहिले, छत्रचामरवाल्यासारखे. हात भरून आले. नाकाला खाज सुटली. खाली कात्री चालली, दोन पदर उचलले गेले, जोडाची पट्टी बेतली गेली.

"अगं बाई, जोड कळतच नाही की!" कॅशियरबाईंची हाताची घडी सुटली. त्या पडद्याजवळ सरकल्या. "ताई, परत एकदा दाखवा ना. पुढच्या वेळी अस्तरही घेऊन बसते."

"दाखवते. नीट बघा."

"बघत होते, पण मधे काहीतरी जाड, गुलाबी येतंय."

बाईंनी वर न बघता, सुई दातात धरूनच सांगितलं, "अहो, अंगठा."