पातेल्यापायी पाहिलेलं इंदूर

इंदूरला कसं जायचं असं विचारणाऱ्यांना आधीच सांगून टाकते, मी सांगणार आहे त्या वाटेनं तुम्हाला जाता येणार नाही. खंडव्याहून निघणारी ती छोट्या रुळांची गाडी आता राहिली नाही आणि मध्यभारत नावाचं राज्यही राहिलं नाही. मी मात्र अजून आहे. नात म्हणते, "आजी, लोक ब्लॉगवर तिकिटांचे दर लिहितात, तू निदान ती पातेल्याची गोष्ट लिही." दर मला आठवत नाहीत, कारण मी तेव्हा परकर-पोलक्यात होते आणि पैसे आईच्या कनवटीला होते. पातेलं मात्र चांगलं आठवतं.

माझी थोरली बहीण इंदूरला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ताई रीतीप्रमाणे आमच्याकडे भुसावळला आली, पण ते बाळ महिनाभरही राहिलं नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला तिच्या सासूबाईंनी निरोप धाडला की सूनबाई इथेच राहतील, तुम्हीच या. आईला ते फार लागलं. माहेरच्या घराला दोष दिला असं तिनं मनात घेतलं, दोन दिवस भांडी आपटली आणि मग मुकाट्यानं ट्रंक भरायला घेतली. बाबांना रजा नव्हती. आई, मी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा, एवढेच निघालो.

खंडव्याला गाडी बदलायची. छोट्या गाडीत बाकं अरुंद आणि माणसं ऐसपैस. मोरटक्क्याला नर्मदेचा पूल आला की सगळा डबा एका बाजूला झुकून नदीत पैसे टाकायचा. आईनं हात जोडले, पैसा टाकला नाही. "नर्मदामाईला काय कमी आहे," म्हणाली. पुढे चढणीला गाडी इतकी रेंगाळायची की माणसं उतरून बाजूनं चालत गप्पा मारत. कालाकुंडला पानाच्या द्रोणात कलाकंद मिळाला. खाऊन झाल्यावर मी द्रोण खिडकीबाहेर टाकणार, तोच समोरच्या म्हातारबुवांनी तो माझ्या हातून घेतला आणि पुढच्या स्टेशनावर शेळीला खाऊ घातला. इंदूर अजून लांब होतं, पण शिकवणी इथूनच सुरू झाली होती.

ताईचं घर रामबागेत. सासरे होळकर दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ताईचे यजमान सचिवालयात होते, म्हणजे हिवाळ्यात घरी नसायचेच. मध्यभारताला दोन राजधान्या होत्या. थंडीत सगळं सरकार दप्तरं बांधून ग्वाल्हेरला जायचं आणि उन्हाळ्यात इंदूरला परत यायचं. सासरे म्हणायचे, "हे सरकार नाही, बिऱ्हाड आहे."

त्या घरात काही म्हणता काही फुकट जात नसे. धोतराची तर तिथे नोकरीच असायची, फक्त बढतीच्या जागी उतरती. सासऱ्यांच्या अंगावरून ते पंचा व्हायचं, पंच्याचं हातपुसणं, हातपुसण्याचं पोतेरं, आणि शेवटी चुलीतली राख होऊन भांडी घासायला रुजू व्हायचं. चहाचा चोथा गुलाबाला, भाताची पेज टोप्यांच्या खळीला. कचऱ्याची बादली होती, पण ती मी भरलेली कधी पाहिली नाही. आईला हे सगळं पाहून धडकी भरली. तिचा स्वतःचा असा समज होता की काटकसरीत तिचा हात धरणारं कुणी नाही.

त्यातून तिला सुचलं ते असं. सासूबाई सकाळी देवळात गेल्या होत्या, ताई झोपली होती, सासरे ओसरीवर पेपरात बुडालेले. गल्लीत बोहारीण आली, डोक्यावर भांड्यांची पाटी. मागच्या पडवीत जुनेराचं एक गाठोडं पडलेलं आईनं आदल्या दिवशीच हेरलं होतं. विरलेली लुगडी, फाटकी अंगडी, काहींचा रंगही ओळखू येत नव्हता. विहीणबाईंना भांडं घेऊन चकित करायचं आणि आपणही कमी नाही हे दाखवायचं, असा तिचा बेत. अर्धा तास घासाघीस झाली. "इसमें क्या है बाई, सब गल गया है," बोहारीण म्हणायची. "गल गया तो क्या हुआ, कपास असली है," आई म्हणायची. शेवटी एक लखलखीत पितळी पातेलं घरात आलं. आईनं ते चिंचेनं घासून ओट्यावर मांडलं.

सासूबाई आल्या. पातेलं पाहिलं, कौतुक केलं, मग पडवीत गेल्या आणि लगेच परत आल्या.

"अहो विहीणबाई, माझी ती पोटली कुठं गेली?"

आईनं पातेल्याकडे बोट केलं.

सासूबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. ओरडल्या नाहीत. "ते बाळासाठी होतं हो," एवढंच म्हणाल्या.

तेव्हाची रीत इथे सांगायला हवी. तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नसत, कारण ते टोचतं. आणि ज्या घरचं मूल गेलेलं असे, तिथे पुढच्या बाळाला दुसऱ्यांकडून मागून आणलेलं घालत. ज्यांची मुलं जगली-वाढली त्यांच्या घरचं जुनेर. तसल्या कापडात बाळ टिकतं, असा विश्वास. सासूबाई शेजारणीकडे वाटीभर साखरही मागायच्या नाहीत, इतक्या ताठ. त्या बाईनं घरोघर जाऊन पदर पसरला होता, आणि सुनेला उगाच धास्ती वाटू नये म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

आई उभ्याउभ्या पांढरी पडली. मग तिनं पातेलं उचललं, मला मनगटाला धरलं आणि रस्त्यावर येऊन टांगा थांबवला.

"बर्तनवालीकडे चला," ती म्हणाली.

"माँजी, इंदूर में बर्तनवाली एक है क्या?" टांगेवाला हसला. पण पातेलं आणि आईचा चेहरा पाहून त्यानं लगाम ओढला. "सब किशनपुरे के पुल पे बैठती हैं। पर जल्दी चलो। गला हुआ कपड़ा दोपहर में पोलोग्राउंड जाता है, कारखाने में मशीन पोंछने।"

इंदूर पाहायला गेलेले लोक राजवाडा बघतात, होळकरांच्या छत्र्या बघतात. मी दोन्ही पाहिलं, पण टांग्याच्या मागच्या बाजूनं, पातेलं मांडीवर घेऊन. आई सारखी म्हणत होती, "पुसलं गं बाई तेल त्यांनी, पुसलं." मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मागच्या बाळाचं तोंड मी पाहिलेलं होतं.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून जवळच, नदीकाठी, कापडांचे ढीग लागले होते. बायका बसून निवडत होत्या. धड ते एका बाजूला, गोधडीजोगं दुसऱ्या, आणि उरलेलं हातगाडीत. आमची बोहारीण तिथेच होती. गाठोडं सोडलेलं होतं, पण गाडीवर चढलं नव्हतं. आईनं पातेलं तिच्यापुढे ठेवलं आणि तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. घासाघीस नाही, काही नाही. आईला असं बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"पहले बोलना था नी बाई," बोहारीण म्हणाली आणि एकेक कापड परत गोळा करू लागली. मग थांबली. तिच्या मागे तिची सून बसली होती, मांडीवर तान्हं मूल, आणि ते मूल गाठोड्यातल्याच एका मऊ हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गाढ झोपलेलं.

बोहारणीनं त्या तुकड्याला हात घातला. आईनं तो हात धरला.

"राहू दे. ठंड है. उसको सोने दो."

"फिर तुम्हारा एक कम पड़ेगा।"

"पडू दे."

बोहारणीनं हात मागे घेतला. मग तिनं सुनेच्या पिशवीतून एक झबलं काढलं. धुऊन धुऊन आरपार दिसायला लागलेलं, काखेत तीन रंगांची ठिगळं. "म्हारा तीनों पोता ने पेन्यो हे," ती म्हणाली, म्हणजे तिच्या तिन्ही नातवांनी ते घातलेलं. "तीनों दौड़ रहे हैं, देख लो। ये ले जाओ।" मग पातेलं तिनं पाटीत टाकलं आणि आईला टोमणाही मारला, "घिस के चमका दिया, अच्छा किया। अब ज्यादा में जाएगा।"

परतताना आईची पंचाईत सुरू झाली. बोहारणीच्या घरचं झबलं रामबागेतल्या सोवळ्या घरात न्यायचं कसं? खोटं सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं, मला तसं म्हणालीही. पण घरी गेल्यावर तिनं झबलं सासूबाईंपुढे ठेवलं आणि ते कुठलं ते खरं सांगून टाकलं. ओसरीवरचा पेपर खाली आला. सासूबाईंनी झबलं हातात घेतलं, ठिगळांवरून बोट फिरवलं.

"तिची नातवंडं हट्टीकट्टी आहेत ना?"

"आहेत. मी डोळ्यांनी बघितली."

"मग बस," त्या म्हणाल्या. "मी एवढी घरं फिरले, पण सगळी आपल्यातलीच. हे तर सगळ्यात पक्कं झालं." आणि स्वतः पाणी तापवून त्यांनी ते धुतलं. दोघी विहिणींनी मिळून ते वाळत घातलं, एक बाही हिनं, एक तिनं. मला त्या दिवशी दोघी फार आवडल्या.

मुलगी झाली. माळव्यातली ती थंडी, दातावर दात वाजायचे, पण बाळ त्या जुनेरात इतकं निवांत झोपायचं की ताई घाबरून सारखी श्वास बघायची. महिना होईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. सासूबाईंनी नंतर आम्हाला पोहे-जिलबी खाऊ घातली आणि आग्रह करून गराडूच्या कंदाचे तुकडे तळून घातले. इंदूरला थंडीत गेलात तर गराडू सोडू नका. हाच माझा एकमेव उपयुक्त सल्ला.

आता त्या शहरात कचऱ्याची गाडी गाणं लावून येते आणि ओला-सुका वेगळा करून द्यावा लागतो. छान आहे. माझी भाची त्यावरून शेजाऱ्यांवर डाफरते, म्हणजे रक्त बोलतंय. जुनी कापडं पुन्हा वापरल्यानं नदी, माती वाचते हे मला पटतं. पण त्या कापडात मागणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हातही असतो, हे बादलीत टाकताना दिसत नाही.

आम्ही भुसावळला परतलो, आणि उन्हाळ्यात ताई बाळाला घेऊन माहेरी आली. एका दुपारी मागच्या आळीतली एक सून आमच्या दारात येऊन उभी राहिली. तिचंही पहिलं मूल गेलेलं होतं. ती नुसती बाळाकडे बघत राहिली. आईला कळेना. ताईला लगेच कळलं. तिनं बाळाच्या अंगातलं ते झबलं काढलं, घडी घातली आणि त्या बाईच्या ओटीत टाकलं. मग आत येऊन आईच्या गळ्यात पडून ती इतकी रडली, आणि म्हणाली, "आई, आता माझ्याकडं मागायला येतात गं."