निम्म्या माठावर थांबणं

लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, आणि लातूरला शिकतो तेही इलेक्ट्रिकल. तेव्हा घरच्या एका बॅटरीवर पान खर्च करतो आहे, त्याची आधीच माफी मागतो. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची वस्ती माहूरच्या डोंगरापलीकडे, शेतात. तिथवर वीज आलेली नाही. पत्र्यावर सोलर पॅनल, आत इन्व्हर्टर आणि एक मोठी बॅटरी, एवढ्यावर घर चालतं. पहिली बॅटरी दोन वर्षांत मेली. दुसरी आणली तेव्हा बाबा म्हणाले, "ही बी गेली तर पॅनल काढून कोंबड्याच्या खुराड्यावर टाकीन." धाकट्या बहिणीने माझ्याकडे पाहिलं. तिला नर्सिंगला जायचं होतं. शेतातलं आटोपून तिची वही उघडायची ती दिवा लागल्यावरच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सरांकडून व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर मागून घरी नेला. सकाळी, पॅनलवर ऊन यायच्या आधी, बॅटरीला लावला. अकरा पॉइंट सहा. नवी बॅटरी, आणि पार रिकामी! मला काही कळेना. उलगडा आईनेच केला. इन्व्हर्टर ओरडून बंद पडेपर्यंत ती रोज मुद्दाम पंखा चालू ठेवत होती.

"शिळं पाणी असताना माठात ताजं भरतंय का कुणी? आधी समदं रितं करायचं."

"सायबाला एवढंबी कळंना," बाबा मला चिडवत म्हणाले.

मला हसू आलं नाही. पहिल्या वर्षाला असताना आईने हेच फोनवर विचारलं होतं, आणि मी न शिकताच "बरोबर आहे" म्हणालो होतो. म्हणजे पहिली बॅटरी मीच मारली. तसं घरात सांगून टाकलं. आई म्हणाली, "मंग आता तरी नीट सांग."

सांगितलं. ही बॅटरी निम्म्याखाली न्यायची नाही, रोज रिती केली की ती लवकर मरते. आकडा बारा पॉइंट दोनवर, म्हणजे निम्म्यावर आला की पंखा, टीव्ही बंद. फक्त एक दिवा. आत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, बोअरचं नाही. भिंतीवर आकडा दाखवणारं छोटं मीटर बसवलं. बाबांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. ते रोज सकाळी दारावर खडूने आकडा लिहायचे आणि रेंजसाठी बांधावरच्या चिंचेखाली जाऊन मला कळवायचे. होस्टेलची पोरं म्हणायची, "घे, तुझ्या बॅटरीचा फोन."

बहीण बारावीत गेली आणि श्रावणात झड लागली. पाच दिवस ऊन नाही, रेंजही नाही. मी मेसमध्ये ताटावर बसायचो आणि खुराड्यावरचं पॅनल डोळ्यांपुढे यायचं.

सहाव्या दिवशी सकाळी फोन आला.

"तुझ्या मायनं पंख्याला हात लावू दिला न्हाई. टीव्हीची वायरच काढून पेटीत ठिवली."

"आकडा सांगा ना, बाबा."

"बारा पॉइंट तीन. पोरीचा दिवा एक दिस बी चुकला न्हाई." मग म्हणाले, "निम्मा माठ अजून भरलेला हाय, सायेब."