सरदारची शेवटची बारी आणि माझी दोन भिंगं

मी जुना कॅमेरा विकून फुल फ्रेमचा कॅमेरा घेतला, तो दिवस गुरुवार होता. आता मामा नाहीत, म्हणून पुढे काय झालं ते लिहायला हरकत नाही.

मामा म्हणजे माझे सासरे. राहणार महाळुंगे पडवळ. मी ओतूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्यांनी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं, आणि माझ्याकडून काही होईल असं त्यांना वाटत असल्याचं मलाही कधी जाणवलं नव्हतं. त्या वर्षी मात्र जेवताना त्यांनी ताटावरून मान वर केली.

"जावईबापू, औंदा सरदारची शेवटची बारी. मग त्यो घरीच. त्याचा पळताना एक फोटू काढा. चारी पाय जमिनीच्या वर पायजेत."

सरदार म्हणजे त्यांचा शर्यतीचा बैल. यात्रेत घाटावर, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, बैलगाडे पळतात, तिथे एका पळण्याला बारी म्हणतात, आणि ती डोळ्याची पापणी चार-दोन वेळा लवेपर्यंत संपते. सरदारचे फोटो मी आधीही काढले होते. एकात शेपूट आलं नव्हतं, एकात बैलाऐवजी कुणाचा तरी फेटा आला होता, आणि एकात नुसती धूळ होती. (ती धूळ सरदारचीच आहे, असं मी मामांना सांगितलं होतं. त्यांनी फोटो परत दिला.)

तेव्हा या वेळी चूक होऊ नये म्हणून मी कॅमेराच बदलला. पुण्याहून वापरलेला, पण फुल फ्रेमचा आणला. बायकोने, म्हणजे सुनंदाने, तो हातात घेऊन वजन पाहिलं.

"फुल फ्रेम म्हणजे काय?"

"म्हणजे भिंगातून जेवढं दिसतं तेवढं सगळं येतं."

"मग आधीच्यात काय अर्धं येत होतं?"

"हो," मी म्हणालो. ते खरंच होतं. जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे भिंगाने दाखवलेल्यातला मधला तुकडाच तो घ्यायचा. तिने कॅमेरा खाली ठेवला आणि बारा वर्षं आपल्या घरात अर्धे फोटो लागले आहेत, हे त्या दिवसापासून आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली.

माझ्याकडे दोन भिंगं होती. एक जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेलं लहान, दुसरं लांबचं पाहायचं मोठं. लहान भिंग नव्या कॅमेऱ्याला लावून मी सुनंदाचा कपडे वाळत घालताना एक फोटो काढला. चहूबाजूंनी काळा गोल, आणि मधोमध ती.

"मी विहिरीत पडलेय का?" ती म्हणाली.

हे भिंग लहान सेन्सरसाठीच केलेलं होतं. मोठ्याला त्याचा उजेड पुरत नव्हता. ठीक आहे, म्हटलं, मोठं भिंग आहेच. ते लावून समोरच्या टाकीवरचा कावळा पाहिला. जुन्या कॅमेऱ्यात त्या कावळ्याची चोच दिसायची. आता टाकी दिसली, टाकीचा जिना दिसला, टाकीमागचं उसाचं रान दिसलं, आणि बारकाईने पाहिल्यावर वर एक ठिपका दिसला. मधला तुकडाच घेणारा जुना कॅमेरा लांबचं फुकटात दीडपट जवळ आणत होता, आणि ती दीडपट मी पुण्यात देऊन आलो होतो.

मग तिसरं भिंग घ्यायचं ठरलं. कुठलं, हे ठरेना. मी मासिकं आणली, वहीत तक्ते आखले. जे लांबचं होतं ते आवाक्याबाहेरचं, जे आवाक्यातलं होतं ते जवळचं, आणि मधल्याविषयी दोन मासिकांचं एकमत नव्हतं. पंधरा दिवस गेले.

"मला बघायला आलात, तेव्हा पंधरा मिनिटांत हो म्हणालात," सुनंदा म्हणाली.

"तेव्हा वाचायला काही नव्हतं."

त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात बोलणं झालं नाही. तोवर यात्रा आली आणि भिंग राहिलं ते राहिलंच.

पण वाचलेलं वाया जात नाही, या समजुतीवर मी नोकरी करतो. मी हिशेब मांडला. भिंग दीडपट लांबचं नको, आपणच तेवढं जवळ जावं. पूर्वी मी घाटाच्या माथ्यावर, बारी संपते तिथल्या निशाणापासून साठ पावलांवर उभा राहायचो. आता चाळीस पावलांवर उभं राहायचं. यात्रेच्या आदल्या दिवशी मी मेव्हण्याला, बबनला, घेऊन घाटावर गेलो आणि पावलं मोजली. चाळिसाव्या पावलाला मी बुटाने खूण केली.

बबनने खुणेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दाजी, हितं बैलं थांबत्यात."

"थांबतात ना? मग झालं तर."

"थांबत्यात म्हंजी आपुन थांबवतो. चार गडी लागत्यात, तवा कुटं थांबत्यात. तुमी मधी उभं राह्यलं तर पाचवं व्हाल."

त्याने हे घरी जाऊन सांगितलं आणि घरात सभा भरली. सुनंदाचं म्हणणं, फोटो नको. बबनचं म्हणणं, दाजींना कमरेला दोर बांधू, वेळ आली की ओढून घेऊ. शेवटी मामा म्हणाले, "ट्रॅक्टरची ट्रॉली लावा बाजूला. जावईबापू वर ऱ्हातील. बैल काय ट्रॉलीवर चढत न्हाई."

माझ्या पंधरा दिवसांच्या वाचनात ट्रॉलीचा उल्लेख नव्हता. योजना मात्र उत्तम होती. तिच्यात एकच उणीव राहिली, ती म्हणजे ट्रॉलीवरून घाट फार छान दिसतो हे सासरच्या मंडळींना माहीत होतं. सकाळी मी पोचलो तेव्हा ट्रॉलीत सुनंदाच्या दोन मावश्या, एक चुलती आणि पाण्याचं पिंप बसलेलं होतं. थोरल्या मावशीने सरकून मला बूड टेकवण्यापुरती जागा केली.

"या पावणं. लवकर न्हाई का यायचं? चांगली जागा पिंपानं घेतली."

मी खाली पाहिलं. माझी बुटाची खूण दिसेना. ती बरीच मागे राहिली होती.

"बबन, ट्रॉली पुढे का लावली?"

"तिथं उतार व्हता दाजी, मावशीला चढता येईना. आन् जवळनं चांगलंच येईल की फोटू."

मोठं भिंग लावून मी कॅमेरा डोळ्याला लावला. कुठल्या तरी गावची बारी सुटली होती. बैल माथ्यावर आले, आमच्या शेजारून धडधडत गेले, आणि माझ्या भिंगात आली एक नाकपुडी. ओली. आयुष्यात इतकी स्वच्छ नाकपुडी मी पाहिली नव्हती.

"बबन, ट्रॉली मागे घ्यावी लागेल."

"आता? राव, मागं माणसं बसलीत. दोन बाऱ्यांनी आपलीच हाय."

फुल फ्रेमवर मोठं भिंग फार लांबचं दाखवत नाही, अशी तक्रार मी पंधरा दिवस करत होतो. आता तेच भिंग फार जवळचं दाखवत होतं. हातात उरलं ते विहिरीचं भिंग. मी विचार केला (दोन बाऱ्यांच्या अंतरात जेवढा करता येतो तेवढा): हे भिंग लावून त्याची जवळ-लांब करायची कडी पूर्ण लांबच्या टोकाला फिरवली की काळा गोल जवळजवळ जातो. उरलेल्या कडा घरी कापून टाकू. मी मोठं भिंग काढून मावशींच्या हातात दिलं. त्यांनी त्यातून उलट्या बाजूने माझ्याकडे पाहिलं आणि धाकटीला म्हणाल्या, "बग गं, जावई केवडासा दिसतोय." मग ते पिशवीत टाकलं. पिशवीत भंडाऱ्याची पुडी होती, ती फुटलेली होती, हे नंतर कळलं.

भोंग्यावर मामांचं नाव पुकारलं. मामा निशाणाच्या वर, गाडा धरायला उभे राहिले. धोतर खोचलेलं, हात पुढे. सत्तरीचा माणूस, बबनने त्यांना मागे व्हायला सांगितलं, तर त्यांनी बबनलाच मागे केलं.

मी कडी फिरवली. पुन्हा सांगतो, मी कडी फिरवली. फिरवताना मावशींनी माझं कोपर धरून "आली, आली" म्हणत मला गदागदा हलवलं, आणि कडी कुठल्या बाजूला गेली हे पाहायला सवड मिळाली नाही. बैलांच्या पुढे पळवतात ती घोडी निघून गेली. मागून सरदारसकट गाड्याचे चार बैल, धूळ, ट्रॉलीतल्या सगळ्या उभ्या राहिलेल्या, वरून पिवळा भंडारा. मी बटण दाबून धरलं ते मावशी खाली बसेपर्यंत सोडलं नाही.

बारी चांगली झाली. सरदारला धरून मामा तिथेच थांबले होते, त्याच्या मानेवर कपाळ टेकून. मी तिकडे कॅमेरा वळवला नाही. मला वाटलं, माझं काम झालं आहे.

घरी मंडळी जमल्यावर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पाहिले. कडी उलट्या टोकाला गेली होती. काळा गोल होता, भरगच्च. बहुतेक फोटोंत मावशींचा पदर होता. एका फोटोत पदर नव्हता. त्यात उजव्या कडेला सरदार निम्मा काळ्यात गेलेला, पुढचे दोन पाय तेवढे उजेडात. आणि गोलाच्या मधोमध, डोक्यापासून पायापर्यंत स्पष्ट, मामा. टोपी उडालेली, तोंड उघडं, धोतर वाऱ्यावर, आणि दोन्ही पाय जमिनीच्या वर.

मामांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"ह्ये कोन?"

"आबा, तुमी," बबन म्हणाला. "चारी पाय वर हायेत. दोन सरदारचं, दोन तुमचं."

कुणी हसलं नाही, म्हणजे सगळ्यांनी तोंडं फिरवली. मामांनी चष्मा काढला. "जावईबापू, म्या माजा काढाया कुटं सांगितलं व्हतं? मी काय शर्यतीला पळतो व्हय?"

ते उठले आणि गोठ्यात गेले. तो फोटो पुन्हा त्यांनी पाहिला नाही, मीही दाखवला नाही. सरदार नंतर पळाला नाही.

दिवाळीनंतर मामा गेले.

दहाव्यासाठी फोटो हवा होता. सुनंदाने ट्रंक उपसली. सगळे फोटो बैलांचे. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मामा एकदा होते, तेही पाठमोरे, वैरण घेऊन चाललेले. मतदानाच्या कार्डावरच्या फोटोत ते मामा आहेत, हे दरवेळी मामांनाच समोरच्याला सांगावं लागायचं. मोबाईलमधल्या फोटोत टोपी होती, तोंड ओळखू येत नव्हतं. शेवटी बबन माझ्याजवळ येऊन बसला.

"दाजी, त्यो गोलाचा हाय का तुमच्याकडं?"

होता. मी तो पुसायला विसरलो होतो.

मंचरचा स्टुडिओवाला म्हणाला, "काळं काढून टाकतो. बैलाचं पण काढू का? नुसते बाबा राहतील."

"बैल ऱ्हाऊ द्या," बबन म्हणाला. "आन् काळंबी ऱ्हाऊ द्या."

आता तो फोटो महाळुंग्याच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर आहे. भोवती एवढं काळं का, असं पाहुणे विचारतात, आणि सुनंदा चहा देता देता सांगते, "आमच्या ह्यांनी चुकीचं भिंग लावलं होतं." मी मान हलवतो. पुढे मी योग्य भिंग घेतलं, वर्षभर वाचून घेतलं. त्याने काढलेले बैलांचे फोटो फार चांगले आहेत. मामांचा मी काढलेला एवढा एकच फोटो आहे. तो मी काढायला गेलो नव्हतो.