अकरा सेकंदांचं मौन

सकाळी साडेआठला दारावर थाप पडली, तेव्हा काका बनियनवर बसून कुकरच्या शिट्टीला नावं ठेवत होते. शिट्टी आठवडाभर अर्ध्या सुरानं उतरली आहे, असं त्यांचं म्हणणं. आपल्याला डाळ शिजल्याशी मतलब, असं काकूंचं. मोठमोठ्या सभागृहांतले पियानो पस्तीस वर्षं सुरात लावून निवृत्त झालेल्या माणसाशी संसार केला की असलीच भांडणं वाट्याला येतात.

दारात चार माणसं, सहा पेट्या आणि छत्रीएवढा एक दिवा होता. ठरलं होतं अकराचं. पण तरुण दिग्दर्शिकेचं म्हणणं पडलं की सकाळचा उजेड फार प्रामाणिक असतो. काका शर्ट घालून येईपर्यंत त्या प्रामाणिक उजेडाला जिन्यात ताटकळावं लागलं.

मंडळी बाईंवर माहितीपट काढत होती. बाई म्हणजे ज्यांच्या पियानोनं दोन पिढ्यांना वेड लावलं त्या. त्यांच्यावरचा हा पाचवा माहितीपट. बाईंचं बालपण, बाईंचं एकटेपण, बाईंचं मांजर, सगळं दाखवून झालं होतं. आता बाईंचा पियानो लावणाऱ्याची पाळी आली होती. मांजरानंतर का होईना, आठवण तर झाली, असं काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

आल्या आल्या पहिली पंचाईत झाली. घरात पियानो नव्हता. दोन खोल्यांच्या घरात पियानो ठेवला तर माणसं कुठे ठेवायची, हा प्रश्न त्या मंडळींना सुचलाच नव्हता. शेवटी शिलाई मशीनवर काळं कापड टाकून काकांना त्याच्याशेजारी बसवलं. दोरीवरचे टॉवेल काढले, फ्रीज सरकवला, औषधांचा डबा लपवला. मग कॅमेरावाल्यानं काकांना खिडकीबाहेर दूरवर बघायला सांगितलं. खिडकीबाहेर चार हातांवर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी होती. काकांनी टाकीकडे दूरवर बघितलं.

खरं तर काकांनी आठ दिवस या मुलाखतीची वाट पाहिली होती, पण त्यांचं कारण वेगळं होतं. बाईंच्या सर्वांत गाजलेल्या मैफलीचा चित्रपट निघाला होता, त्याला एकतीस वर्षं झाली. त्यात बाई ऐन रंगात आल्या असताना अचानक थांबतात, डोळे मिटतात आणि अकरा सेकंद नुसत्या बसून राहतात. या अकरा सेकंदांवर किती लिहिलं गेलं, त्याला सुमार नाही. एकाला त्यात बाईंचा विरह दिसला, दुसऱ्याला मृत्यूची चाहूल, आणि एका विद्वानाला त्यावर डॉक्टरेटही मिळाली.

काकांना त्यात दिसली उतरलेली तार. वरच्या सप्तकातली, चांगली पाव सुरानं.

त्या दिवशी काका तिथे नव्हतेच. लेकीचं बाळंतपण अडलं होतं आणि ते इस्पितळाच्या बाकावर बसले होते. सभागृहवाल्यांनी ऐनवेळी दुसरा कुणी गाठला, त्यानं घाईत खुंट्या पिळल्या आणि तो गेला. पण काकांचं नाव असलेल्या कार्यक्रमपत्रिका आधीच छापल्या होत्या. त्यावरून चित्रपटवाल्यांनी पडद्यावरच्या शेवटच्या यादीत नाव उतरवलं, ते काकांचं. जगाला मौन ऐकू आलं. काकांच्या धंद्यातल्या माणसांना मात्र तार ऐकू आली आणि खाली कुणाचं नाव आहे तेही दिसलं. काका ज्या संगीतशाळेचे पियानो लावत, तिनं पुढच्याच वर्षी दुसरा माणूस बघितला. काकांनी चित्रपटवाल्यांना पत्र लिहिलं, तर उलट टपाली बाईंचा सही केलेला फोटो आला. तोच फोटो आता कॅमेरावाल्याला भिंतीवर हवा होता. काकूंनी तो कपाटातून काढून दिला. त्याच्या पाठीवर त्यांनी वाण्याची यादी लिहिली होती.

दिग्दर्शिका समोर बसली, आवाज हळवा करून म्हणाली, “काका, त्या अकरा सेकंदांत तुमच्या मनात काय चाललं होतं?”

“मी तिथे नव्हतो,” काका म्हणाले.

ती समजूतदार हसली. शरीरानं नसाल, पण सुरांत तर होताच ना, असं तिनं विचारलं. काका म्हणाले, शरीरानं इस्पितळात होतो आणि सुरांत असतो तर तार उतरली नसती. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. बाई थांबल्या नव्हत्या, ऐकत होत्या. तार किती उतरली आहे याचा अंदाज घेत होत्या. पुढचा पाऊण तास त्यांनी त्या तारेची पट्टी अशी चुकवली, की हजार माणसांत कुणाला पत्ता लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला तो लेकीची चौकशी करायला. ठेवता ठेवता एवढंच म्हणाल्या, की तुम्ही नाही हे मला पहिल्या ओळीतच कळलं. त्याला आता साक्षीदार कुणी नाही. बाई गेल्या.

कॅमेरावाल्यानं दिग्दर्शिकेकडे बघितलं. मग दिग्दर्शिकेनं चाचरत सांगितलं, की माहितीपटाचं नावच ‘अकरा सेकंद’ ठरलंय, पोस्टरही झालंय. काकांनी काही बोलू नये, नुसते डोळे मिटून बसावं; मागे संगीत घालता येईल.

“उतरलेलंच घालणार का?” काकूंनी भाजीतून मान वर न करता विचारलं.

काका म्हणाले, मिटतो डोळे. त्यांनी ते मिटलेही, कॅमेरावाल्याचं समाधान होईपर्यंत. पेट्या बंद व्हायला लागल्या, तेव्हा त्यांनी विचारून घेतलं, की तो जुना चित्रपट नव्यानं झळकवणार आहेत म्हणतात, ते काम कुणाकडे आहे. आमच्याकडेच, दिग्दर्शिका उत्साहानं म्हणाली. या वेळी तुमचं नाव मोठ्या अक्षरांत टाकू. लोक तर नाव यावं म्हणून आमच्याशी भांडतात.

काका उठून उभे राहिले.

“मोठं नको. शेवटच्या यादीतून माझं नाव तेवढं काढा. त्या दिवशी पियानो मी लावला नव्हता.”