जाळ्याचं दुसरं टोक

उभ्या तापीकाठी जिवंत माणसाचा खांब करण्याची विद्या एकट्या आमच्या घरमालकांना अवगत होती, आणि त्या विद्येचा मी बराच काळ बळी होतो. लढाईच्या दिवसांत शहाद्याच्या बाजूच्या एका नदीकाठच्या गावी मी शाळामास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा तिथे ओळखीचं कुत्रंही नव्हतं. गाव सगळं अहिराणी बोलणारं. माझं पुस्तकी मराठी कानावर पडलं की वाणीसुद्धा परीक्षेला बसल्यासारखा गप्प व्हायचा. आपण होऊन बोलायचे ते एकटे घरमालक. साठी उलटलेले गुजर शेतकरी, केळीचे बागाईतदार, आवाज असा की ओसरीवर खाकरले तर पलीकडच्या आळीतली म्हैस उठून उभी राहावी. सगळे त्यांना बापू म्हणत. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या दारात येऊन म्हणाले, "रविवारले नदीमा या, मास्तर. हालीबाल खेयूत." इतक्या दिवसांत कुणीतरी आपल्याला बोलावलं, याचाच मला इतका आनंद झाला की खेळ कोणता हे विचारायचंही राहून गेलं.

हालीबाल म्हणजे व्हॉलीबॉल. बापूंचा पुतण्या सुरतेला शिकायला होता, त्याने रेल्वेतून एक चेंडू आणला आणि काकांच्या आयुष्याला नवी दिशा दिली. पावसाळा सरून नदी आटली की वाळूत खरबूज-टरबुजाच्या वाड्या लागायच्या. बापूंची वाडी सगळ्यांत मोठी, पण तिच्या ऐन मध्यावर त्यांनी खेळापुरता चौकोन मोकळा सोडलेला होता. घरमालकीणबाई त्या चौकोनाचं नाव काढलं की कपाळाला हात लावत. चेंडू वेलांत गेला तर ज्याने मारला त्याने अनवाणी जाऊन आणायचा, आणि चुकून वेलाला पाय लागला तर वेलाच्या पाया पडूनच परतायचं, असा बापूंचा कायदा होता. आमचे धिप्पाड पोलीसपाटील वेलापुढे नाक घासताना मी स्वतः पाहिले आहेत. बापू स्वतः पागोटं बांधून खेळत, आणि पागोटं घसरलं तर तो चेंडू हिशेबात धरायचा नाही, असाही एक कायदा होता. हरायची पाळी आली की पागोटं हटकून घसरायचं. लढाईमुळे नवं ब्लॅडर मिळत नव्हतं, म्हणून चेंडू सायकलच्या ठिगळांवर जगत होता. तो एका अंगाला फुगलेला असे आणि मारावा तिकडे कधी जात नसे.

जाळं म्हणजे भोयांचं जुनं मासे धरायचं जाळं. त्याचं एक टोक बापूंच्या बैलगाडीला बांधलेलं आणि दुसरं टोक गावात जो सर्वांत नवा, त्याच्या हातात. त्याने हात उंच करून उभं राहायचं, आणखी नवा माणूस येईपर्यंत! माझ्या आधी हे पद पोस्टमास्तरांकडे होतं. मला पाहताच त्यांनी दोर माझ्या हाती दिला आणि सासरहून सुटलेल्या पोरीसारखे पळत सुटले. खांब का पुरत नाही, असं मी विचारलं, तर बापू म्हणाले, "खांब रेतीमा टिकस नही, मास्तर. मानूस टिकस." मग दुसरी गाडी का आणत नाही? त्यावर ते थक्कच झाले. "दुसरी गाडी लयतू मी, पन मंग नवा मानूसनी काय करानं?"

 मी उभा राहिलो. रविवारमागून रविवार उभा राहिलो. सरकारी बदल्यांकडे मी उपवर मुलीच्या बापासारखा डोळे लावून बसलो. शेवटी खांडबाऱ्याहून देवी टोचणारा एक माणूस येणार असं कळलं. त्याला घ्यायला मी फाट्यापर्यंत गेलो, त्याची ट्रंक डोक्यावरून आणली, रविवारी हाताला धरून त्याला वाळूत नेलं. बापूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. न्याहाळायला फार वेळ लागला नाही. "हाऊ बुटका शे. याना हातमा दोर रेतीले टेकी," असा निकाल देऊन त्यांनी त्याला थेट खेळायला घेतलं. माझी उंची अशी माझ्या मुळावर आली.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या शेवटी एकदा चेंडू वाडीत गेला आणि बापू स्वतः आणायला गेले. वाकून, चाचपून त्यांनी उचलला आणि तलाठ्याकडे फेकला. तलाठ्याने झोकात हात फिरवला आणि फट्‌कन खरबूज फुटलं! बिया, पाणी, गर सगळं तलाठ्याच्या तोंडावर. माणसं वाळूत गडबडा लोळली. बापू तोवर जाळ्यापाशी माझ्या शेजारी येऊन उभे होते. ते हसत नव्हते. हळूच म्हणाले, "काय फुटनं, मास्तर?" मी म्हटलं, "खरबूज." मग ते सगळ्यांच्या वर आवाज काढून हसले, "कशी गंमत करी तुमनी!" गंमत नव्हती, हे त्या वाळवंटात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

तो आठवडा मला फार जड गेला. वाळूत नुसत्या बघ्याला जागा नाही, हाही बापूंचाच कायदा. कुणी रेंगाळलं की ते ओरडत, "नुसतं देखानं व्हई ते काठवर बसा!" डोळेच असे चालले म्हटल्यावर आता त्यांच्या वाट्याला तो काठच उरला होता, आणि काठावर बसलेले बापू मला कल्पनेतही बघवेनात. त्या शनिवारी ते रोजच्यासारखे ओसरीवर आले नाहीत.

रविवारी मात्र आले, पागोटं बांधूनच. सरळ माझ्यापाशी येऊन खेकसले, "तुमले दोर धरता येस नही. इतला दिवस व्हयनात, काही शिकनात नही. द्या आठे!" दोर हिसकून घेतला आणि हात उंच करून उभे राहिले. "जा, खेया आते." मंडळींना वाटलं, म्हातारा मास्तरवर भडकला. मला मात्र कळलं की काठ टळला; बाह्या सारून मी चौकोनात शिरलो.

मी पहिलाच चेंडू मारला, तो जाळ्यात अडकला. दोराला हिसका बसला आणि बापूंचा चेहरा उजळला. "हाऊ मन्हा मास्तरना चेंडू!" ते पोरासारखे ओरडले. दिसत नव्हता, पण हाताला कळला होता.

पुढे बदली होईपर्यंत मी दर रविवारी खेळलो. माझे चेंडू बहुतेक जाळ्यातच जात, आणि प्रत्येक वेळी जाळ्याच्या टोकाकडून तीच आरोळी येई. माझ्या बाजूचे लोक चरफडत, मला शेवटच्या रांगेत ढकलत. त्या गावात अजून माझा विषय निघाला तर म्हणत असतील, मास्तर माणूस चांगला, पण खेळ काही त्याला जमला नाही. म्हणेनात का!