गुळाआधी प्यालेलं पाणी

आधी बाईंचं सांगते, मग झालं ते. आमच्या विज्ञानाच्या बाई घाटावरच्या. बदली होऊन आमच्या समुद्रकाठच्या शाळेत आल्या होत्या. माझी शाळा त्यांच्यामुळे आणखी दीड वर्ष टिकली. आज हे मी उघड म्हणते, पण तेव्हा मात्र काकांइतकाच माझाही त्यांच्यावर संशय होता.

आमचा जिल्हा नवा वेगळा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. आमच्या आतल्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायला मला तारकर्लीकडे चुलतकाकांच्या घरी ठेवलं होतं. दुसऱ्याच्या घरी राहणारं चेडू जसं राहतं तशी मी राहायचे. ताटात दुसऱ्यांदा भात घेताना काकीच्या तोंडाकडे बघायचे. काका एकदा जरी म्हणाले असते, "जा घराकडे," तर शाळा संपलीच.

नववीत असताना बाईंनी एक नवीन काम काढलं. इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या एका शाळेशी आमच्या शाळेचा पत्रव्यवहार जुळला होता. तिथल्या मुलांनी त्यांच्या गावचं पाणी तपासायचं, आम्ही आमच्या गावचं, आणि दोघांनी एकाच नमुन्याच्या तक्त्यात आकडे भरून एकमेकांना पाठवायचे. तिकडून एक फोटो आला होता. गुडघाभर बूट घालून चिखलात उभी असलेली पोरं, आणि सगळी हसताहेत. आमच्या वर्गाला त्यांच्या हसण्याचाच पहिला संशय आला.

पाणी किती खारं आहे ते बघायचं होतं. पेल्यात विहिरीचं पाणी घ्यायचं, त्यात पिवळं औषध टाकायचं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब एकेक सोडत मोजायचे. पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं. जेवढे थेंब जास्त, तेवढं मीठ जास्त. तोवर विज्ञान म्हणजे फळ्यावरून उतरवून घ्यायची गोष्ट होती. आता ते माझ्या बोटांत आलं. थेंब मोजताना मी श्वास धरून ठेवायचे.

प्रत्येकाने आपल्या घरच्या विहिरीचं पाणी आणायचं ठरलं. मी काकांना सांगितलं. ते माडाच्या आळ्यात पाणी सोडत होते. त्याच वर्षी त्यांनी विहिरीवर पंप बसवला होता आणि नवीन माड लावले होते. त्यांनी पंप बंद केला.

"तेंका कित्याक होया आमच्या बावीचा पाणी?"

"अभ्यासाक, काकानू."

"अभ्यासाक! रेडीक खाण येवच्या आदी असोच कोणतरी पिशयेत माती भरून घेवन गेलो. मगे काय झाला? आख्खो डोंगर बोटीत चढलो."

काकी आतून म्हणाली, "बाटलेभर पाण्यान काय बाव आटतली?"

"तू गप रव. कागदार खारा लागला काय पंप बंद करूक येतले. ह्या चेडवाक काय समाजता?" मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "देवळाच्या बावीचा भर. पाणी ता पाणी. आणि भरूचा नसात तर बापाशीक कळव, न्हेवक येंवदे."

खरं सांगायचं तर आमच्या विहिरीचं सगळ्यांत आधी कळलं होतं काकीच्या चुलीला. पंपाचा उपसा सुरू झाल्यापासून समुद्राचं खारं पाणी आत झिरपत होतं आणि तूरडाळ शिजेना. तासभर रटरटली तरी दाणा दाताखाली टणक. मग काकीने काही न बोलता मला रोज सकाळी देवळाच्या विहिरीवर कळशी घेऊन धाडायला सुरुवात केली. ती विहीर टेकडीच्या पायथ्याला, समुद्रापासून लांब. म्हणून बाटली भरताना मी मनाची समजूत घातली की आपण शिजवतो तेच पाणी, म्हणजे ते घरचंच. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: आमची विहीर.

वर्गात माझ्या बाटलीला अकरा थेंब लागले. पुजाऱ्यांच्या मुलाने देवळाच्या विहिरीचं आणलं होतं, त्यालाही अकरा. दोन्ही पेल्यांत शेवाळाचा तोच हिरवा कण तरंगत होता. समुद्राकडच्या बाकीच्या घरांचे आकडे तिशीच्या पुढे. बाईंनी तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पुढची बाटली उचलली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरी आल्या. काका ओसरीवर ताठ झाले. "येवा बाईनू, बसा," म्हणाले, पण डोळे माझ्यावर. मी खांबाला धरून उभी. बाईंनी सगळं सांगितलं तर उद्या एसटीत बसायचं, एवढंच डोक्यात.

काकीने गूळ आणि कळशीतलं पाणी आणलं. बाई म्हणाल्या, "वहिनी, उन्हातून आले. विहिरीचं ताजं द्याल?"

काकीने काकांकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. दारी आलेल्याला पाणी नाही म्हणायचं कसं? तिने रहाट ओढला. आमच्याकडे पाहुणा आधी गूळ तोंडात टाकतो आणि वर पाणी पितो. काका म्हणाले, "गूळ घेवा, पयलो गूळ घेवा." दोनदा म्हणाले. गोड तोंडाला खारं कळत नाही. बाईंनी गुळाचा खडा तळहातावर घेतला, तसाच ठेवला, आणि तांब्या तोंडाला लावला. एका दमात सगळा संपवला. मग गूळ खाल्ला.

"थंड आहे," म्हणाल्या. एवढंच. मग माडांचं विचारलं, काकीच्या गुडघ्याचं विचारलं आणि उठल्या.

त्या गेल्यावर काकांनी फाटकाची कडी लावली. "बाई हुशार आसा," म्हणाले. "गप रवता ता मानूस जास्ती वायट."

मलाही तसंच वाटलं. न ओरडणाऱ्या माणसाची मला सवय नव्हती. हेडमास्तरांना सांगतील, पत्रातून तिकडे कळवतील, पंप बघायला कुणीतरी येईल, असं रोज वाटायचं.

आठवड्याने त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. तक्ता पुढे ठेवला. "हा आकडा तुमच्या विहिरीचा?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

खोडायला मी रबर उचललं, तर त्यांनी माझा हात धरला. "पुसायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. आणि बाजूला लिही, पाणी दुसऱ्या विहिरीचं."

"आणि खरो आकडो?" घाबरले की माझ्या तोंडून घरचंच यायचं.

"चौकट रिकामी ठेव."

"पण बाई, तुम्ही पाणी प्यायलात ना? तुम्हाला कळलं ना?"

"जिभेची नोंद चालत नाही. आणि मला पाणी पाहुणी म्हणून मिळालं, तपासायला नाही. तुझ्या काकांनी जे दिलं नाही ते मी घेणार नाही."

तक्ता तसाच इंग्लंडला गेला. उत्तर आलं तेव्हा तिथल्या एका मुलीने खाली वेगळी ओळ लिहिली होती: ही चौकट रिकामी का? बाईंनी ती वर्गात वाचली नाही. पत्र माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "उत्तर तू द्यायचं. घाई नाही." पंपाजवळ कुणीही आलं नाही. काकांनीही मला घरी पाठवायचं नाव पुन्हा काढलं नाही. दहावीच्या मध्यावर आई अंथरुणाला खिळली आणि मीच गावी गेले, घर सांभाळायला. परीक्षा राहिली ती राहिलीच.

आता मी भिलाईला, एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. इथे नवीन नळ आला की मी आधी डाळ टाकून बघते. वहीत चुकलं की एकच रेघ मारते, बायका हसतात.

काकांचा पंप गंजून पडला आहे, असं चुलतभाऊ कळवतो. काका आता थकलेत, पण आहेत. बाई, तुम्हाला माझी एक बाटली द्यायची राहिली आहे. गावी येईन तेव्हा आधी काकांना विचारीन. ते हो म्हणाले तर त्यांच्यासमोर रहाट ओढीन, बाटली भरीन, आणि घाट चढून तुमच्या दारात आणून ठेवीन. नाही म्हणाले तर पुढच्या खेपेला पुन्हा विचारीन. पण देईन ती आमच्याच विहिरीची.